अशांत काळातील वकिली
(सोलापूर येथील वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या ज्ञातीतील जे तरुण यंदा सनद घेऊन सोलापूरच्या न्यायालयात उभे राहत आहेत, त्यांचे अभिनंदन करताना एक गोष्ट सांगणे आम्हांस कर्तव्य वाटते.

१९३० च्या मे महिन्यात या नगरीत लष्करी कायदा पुकारला गेला. पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा यांवर खटला चालला. अपील फेटाळले गेले आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास त्यांना फाशी झाली. आज आपण त्यांना हुतात्मे म्हणून वंदितो. सरकारदप्तरी मात्र ते खुनी होते. अशा वेळी आरोपीची बाजू मांडणे म्हणजे राजरोष पत्करणे होते.

आता रोष पुष्कळदा आपल्याच माणसांचा असतो. एका दंगलीनंतर एका आरोपीचे वकीलपत्र, आप्त व पक्षकार दुरावतील या भीतीने, आम्ही परत केले. त्याची खंत अद्याप गेलेली नाही.

अमुक आरोपीचे वकीलपत्र कोणी घेऊ नये, असा वकीलसंघाचा ठराव बेकायदेशीर होय, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली निक्षून सांगितले. वकील आरोपीची बाजू मांडतो. त्याच्या कृत्याची तरफदारी करीत नाही.

म्हणून ज्येष्ठांस विनंती एवढीच, की आपल्यापैकी कोणा तरुणाने अप्रिय माणसाचे वकीलपत्र घेतले, तर त्याच्या घराकडे पाठ फिरवू नका.