मागच्या बाकाचं देणं
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी मला माझ्या कामाविषयी दहा मिनिटं बोलायला सांगितलं आहे. गेली 24 वर्षं मी विशेष शिक्षिका म्हणून काम करते. वाचन, लेखन किंवा गणित ज्यांना जमता जमत नाही, अशी मुलं माझ्याकडे येतात. पण या कामाचं मूळ आपल्या सातवीच्या वर्गात आहे, हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

माझ्या मागच्या बाकावर बसणारा आपला एक मित्र तुम्हाला आठवत असेल. इतिहासाचा धडा बाईंनी एकदा वाचला की तो जसाच्या तसा सांगायचा. पण हातात पेन आलं की सगळं बिघडायचं. ‘भ’चा ‘म’ व्हायचा, ‘घ’चा ‘ध’ व्हायचा आणि जोडाक्षर तर अर्ध्यातच सुटायचं. मी मॉनिटर होते. शुद्धलेखनाच्या वह्या तपासून गुण फळ्यावर लिहायचं काम माझं. वीसपैकी तीन, वीसपैकी दोन. वर्ग हसायचा आणि मीही हसायचे. नववीत नापास झाल्यावर त्याने शाळा सोडली. आपण 1988 साली दहावी झालो आणि त्याला विसरलो.

पुढे प्रशिक्षण घेताना मला कळलं की या अडचणीला नाव आहे. तिला अध्ययन अक्षमता म्हणतात. 1896 साली इंग्लंडमधल्या प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरांनी चौदा वर्षांच्या एका मुलाची हकिकत लिहिली होती. मुलगा हुशार होता, पण त्याला वाचता येत नव्हतं. शिकवणं सगळं तोंडी असतं तर हाच शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असं त्याच्या शिक्षकांचं मत होतं. ते वाचताना मला आपला मागचा बाक दिसला.

आपली भाषाही या मुलांची परीक्षा पाहते. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी काढायची, पण तिचा उच्चार नंतर. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी ऐकू येतात, पण लिहायचे दोन आधी. आपल्याला हे सहज जमलं म्हणून सगळ्यांना जमेल असं नाही. यात आळस नाही आणि बुद्धी कमी असण्याचाही संबंध नाही.

उपाय अवघड नाहीत, फक्त धीर लागतो. आधी डोळे आणि कान तपासायचे. मग रव्याच्या ताटात बोटाने अक्षर गिरवायचं आणि त्याच वेळी मोठ्याने म्हणायचं. शब्द तोडून वाचायचा. ओळीखाली पट्टी धरायची. प्रश्न वाचून दाखवायचा, उत्तर तोंडी घ्यायचं. महाराष्ट्रात 1996 पासून अशा मुलांना दहावीच्या परीक्षेत सवलती मिळू लागल्या. ज्यादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत अध्ययन अक्षमतेचाही समावेश आहे. त्यासाठी सरकारने ठरवलेल्या रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. पण ते काढायला हवं हे पालकांना सांगणारं कुणीतरी शाळेत असावं लागतं, आणि बहुतेक वेळा सगळं तिथेच अडतं.

इथे बसलेल्या गुरुजनांना मी दोष देत नाही. वर्गात आम्ही बासष्ट जण आणि बाई एकट्या. त्यांना हे कुणी शिकवलंच नव्हतं. पण आज आपल्याला माहीत आहे, त्यामुळे आज ती सबब चालणार नाही.

मेळाव्याआधी मी त्या मित्राला शोधून फोन केला. संयोजकांनी त्याला ग्रुपमध्ये घेतलं होतं, पण स्मरणिकेसाठी प्रत्येकाने आठवण लिहून द्यावी असा निरोप आला आणि तो मुकाट्याने बाहेर पडला. मला म्हणाला, “अगं, दोन ओळी लिहायच्या म्हटलं की अजून घाम फुटतो.” तो आज एक गॅरेज चालवतो. चार माणसं त्याच्या हाताखाली आहेत. बिलं मुलगी लिहिते. फळ्यावरच्या त्या गुणांबद्दल मी त्याची माफी मागितली. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “तुला आठवतंय होय?” आज तो आलेला नाही. या दारातून आत यावंसं त्याला वाटत नाही.

मेळाव्याच्या निधीतून शाळेला कमान बांधून द्यायची असं ठरतं आहे. कमानीला माझा विरोध नाही. पण माझी विनंती आहे, आधी एक खोली द्या. आठवड्यातून दोन दिवस येणाऱ्या प्रशिक्षित शिक्षिकेचं दोन वर्षांचं मानधन द्या. तिसरी-चौथीतच ही मुलं हेरली गेली, तर नववीपर्यंत ती टिकतील. त्या खोलीत पहिलं वर्ष मी स्वतः विनामूल्य येईन.

आणि स्मरणिकेत आपल्या मित्राची आठवण असेल. तो फोनवर सांगेल, मी लिहून घेईन. त्याला शाळेत लेखनिक मिळाला नाही. उशिरा का होईना, आता मिळाला आहे.