थकव्याची थकबाकी

मी सरकारी दवाखान्यात नर्स आहे. आज औषधपाण्याचं नाही, आम्हा नर्सच्या थकव्याचं सांगणार आहे.

बचत गटात एखादीचा एक हप्ता राहिला, तर ती पुढच्या महिन्यात भरते. पण दर महिन्याला थोडं थोडं राहत गेलं, की थकबाकी डोईजड होते. झोपेचंही तसंच. मोठ्या माणसाला रोज निदान ७ तास झोप हवी. माझी रात्रपाळी रात्री ८ ते सकाळी ८. घरी येऊन पाणी भरायचं, स्वयंपाक उरकायचा, मग आडवं व्हायचं. दिवसाची झोप मुळात कच्ची. त्यात उजेड, उकाडा, दारावरची थाप. ४ तास मिळाले तरी पुष्कळ. म्हणजे रोजचे ३ तास बाकी. ४ रात्रपाळ्यांत १२ तास. एका सुट्टीत ते फिटत नाहीत, कारण सुट्टीला दळण, धुणं आणि पाहुणे असतात.

यातलं फसवं काय, तर बाकी वाढत जाते, पण आपल्याला वाटतं सवय झाली. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ साली दाखवून दिलं, की सलग १७ तास जागलेल्या माणसाचं काम दारू प्यालेल्यासारखं मंदावतं.

एकदा पाळीची चौथी रात्र होती. पहाटेचे ४ वाजलेले. मी इंजेक्शन भरून खाटेपाशी गेले. पेशंटच्या सासूबाईंनी भीत भीत विचारलं, "ताई, हे आमच्याच सुनेचं ना?" मी कागद बघितला. ते शेजारच्या खाटेचं होतं. माझे हातपाय गार पडले. त्या माउलीनं दोघींना वाचवलं, सुनेला आणि मला.

म्हणून दोन गोष्टी सांगते. दवाखान्यात इंजेक्शन, गोळी, सलाईन देताना नाव विचारा, कशाचं आहे विचारा. नर्स रागावली तरी विचारा. आणि तुमच्या घरात, शेजारात रात्रपाळीची बाई असेल, तर तिचं पाणी कुणीतरी भरून ठेवा, तिला दुपारी उठवू नका. अडलेली बाळंतीण, रक्तस्राव, झटके असं काही असेल, तर मात्र थांबू नका, लगेच १०८ ला फोन करा.

नर्स दमते हा तिचा आळस नव्हे. ती थकबाकी आहे, आणि ती झोपेनंच फिटते. येते, नमस्कार.