बोटीचा हिशोब

(दहावी 1996 च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला, "तुमचा तो बोटीचा प्लॅन सांगा." मागच्या रांगेत आत्ताच हसू फुटलंय, म्हणजे तिकडं सगळं माहीत आहे. सर-बाईंना माहीत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते. त्यात माझी एक चूक आहे, तीही सांगायची आहे. व्हॉट्सअॅपवर सांगून झाली नाही.

डिसेंबर 2024 मधली गोष्ट. आपल्यातल्या आठ जणींनी ठरवलं की पंचेचाळिशी साजरी करायची. नवरा, मुलं, सासू कुणी नको. कुणी महाबळेश्वर म्हणालं, कुणी दुबई. मग आपली अमेरिकेतली मैत्रीण म्हणाली, "ग्रीसला बोट भाड्यानं घेऊ. खलाशी, स्वयंपाकी सगळं बोटीवरच असतं. सात दिवस बेटाबेटांतून फिरायचं." मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत प्रोजेक्ट सांभाळते, त्यामुळे कुठलंही नियोजन आलं की ते माझ्याच गळ्यात पडतं. आणि खरं सांगते, मला ते आवडलंही. अंबाजोगाईची मुलगी यॉट ठरवतेय! तीन आठवडे मी ऑफिसच्या कामापेक्षा त्या एक्सेल शीटवर जास्त जीव ओतला.

त्यात जे शिकले ते थोडं सांगते, कारण तुमच्यापैकी कुणीतरी कधीतरी जाईलच. अशी बोट तीन प्रकारे मिळते. नुसती बोट, म्हणजे चालवणारे तुम्हीच, त्याला परवाना लागतो. बोट आणि स्किपर. किंवा पूर्ण ताफ्यासह, म्हणजे स्किपर, स्वयंपाकी आणि मोठी बोट असेल तर आणखी माणसं. भाडं बहुधा शनिवार ते शनिवार. आम्ही बघत होतो ती कॅटामरान. दोन अरुंद होड्या शेजारी शेजारी ठेवून वर मोठा ओटा टाकावा तशी ती दिसते. ती फारशी कलत नाही, म्हणून आमच्यासारख्या जमिनीवरच्या माणसांना बरी. हा शब्द मूळ तमिळ, कट्टुमरम, म्हणजे बांधलेली लाकडं. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

जाहिरातीत "दहा जणांची सोय" लिहिलेलं असतं, तिथं पहिली फसगत होते. त्या दहात दोघं हॉलमधल्या टेबलाचा पलंग करून झोपणार असतात, आणि स्किपर-स्वयंपाक्याची जागा त्याच दहात धरलेली असते. म्हणून "माणसं किती" असं विचारायचं नाही; केबिन किती, दारं किती, संडास किती, हे विचारायचं.

दुसरी फसगत भाड्यात. दिसतो तो आकडा नुसत्या बोटीचा. इंधन, बंदराचं भाडं, किराणा, पाणी यांसाठी वेगळी रक्कम आगाऊ द्यायची, ती साधारण भाड्याच्या 25 ते 35 टक्के. स्किपर त्यातून खर्च करतो, हिशोब ठेवतो, उरलं तर परत देतो. शेवटी बक्षिसी निराळी.

तिसरी गोष्ट वाऱ्याची. ग्रीसच्या पूर्वेकडच्या एजियन समुद्रात जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी नावाचा उत्तरेचा कोरडा वारा सुटतो, तो कधीकधी सलग काही दिवस थांबत नाही. पोस्टकार्डावरची पांढरी-निळी बेटं तिकडंच आहेत. नवख्यांसाठी पश्चिमेकडचा आयोनियन समुद्र बरा. लेफकाडा, मेगानिसी, इथाका, केफालोनिया. सकाळी शांत, दुपारनंतर वायव्येचा वारा. इथाका म्हणजे ओडिसियस ज्या घरी वीस वर्षांनी परतला ते बेट. जून पक्का केला. कितीही पक्कं केलं तरी रोज कुठं जायचं हे शेवटी स्किपरच ठरवतो, तसं करारातच असतं. हवा बिघडली तर तुमचा कागद त्याच्या लेखी रद्दी.

मग आला जेवणाचा फॉर्म. काय खाता, काय खात नाही, कशाची अॅलर्जी, न्याहारी किती वाजता. आमच्यात एक माळकरी घरातली, एकीचं हलाल, एकीचा सोमवार, दोघी अंडंसुद्धा खात नाहीत, आणि एक असं काहीही खाते की तिचं नाव मी सांगणार नाही. मी तो फॉर्म भरून पाठवला. तिकडून विचारणा आली, सोमवारी जेवत नाहीत त्यांना बटाटा कसा चालतो? आता याचं उत्तर तुम्ही द्या. बरं, घरून न्यावं म्हटलं तर युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ नेऊ देत नाहीत, म्हणजे पेढे गेले, तूप गेलं. आंबाही कागदपत्रांशिवाय नाही. ज्वारीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी मात्र चालते. तेवढ्यावर आपलं निभतं.

पण मी सगळ्यात आधी काय विचारलं, माहितीये? पाण्याची टाकी किती लिटरची. बोटवाल्या बाई म्हणाल्या, हा प्रश्न लोक सहसा आल्यावर विचारतात. टाकी होती 700 लिटरची, दहा माणसांत. दोन-तीन दिवसांनी बंदरात भरायची, पैसे देऊन. त्यावरून मी वाचत गेले तेव्हा कळलं की ग्रीसच्या कित्येक लहान बेटांवर पिण्याचं पाणी वर्षानुवर्षं जहाजानं आणावं लागत होतं. समुद्रातसुद्धा टँकर! मला 2016 चा एप्रिल आठवला. मांजरा धरण आटलेलं, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, आणि अंबाजोगाईत आमची आई अंघोळीचं पाणी बादलीत धरून तेच संडासात टाकत होती. सातशे लिटरमध्ये दहा माणसं तीन दिवस, हे गणित आपल्याकडच्या बाईला शिकवावं लागत नाही.

आता चूक.

आठ जणींचा वेगळा ग्रुप काढला होता. शीट तयार झालं. शेवटचा रकाना "प्रत्येकी". बोटीचं भाडं 9,600 युरो, स्किपर 1,400, स्वयंपाकी 1,260, आगाऊ खर्चाचे 2,900. भागिले आठ, 1,895 युरो. म्हणजे एक लाख सत्तर हजार. वर विमान, 90 युरोचा व्हिसा, विमा, बक्षिसी. अडीच लाखांच्या घरात. रात्री साडेअकराला मी ते पाठवलं आणि झोपले.

पाठवलं ते आपल्या सगळ्या तुकडीच्या ग्रुपवर.

सकाळी उठून बघते तर काहींनी अंगठे दिले होते, एकानं "ऐश आहे बुवा" लिहिलं होतं, आणि माझ्या बाकावरच्या मैत्रिणीनं एक ओळ लिहिली होती, "हे आठ जणींचे मिळून ना गं?"

ती टोमणा मारणाऱ्यातली नाही, तिनं खरंच विचारलं होतं. तिच्या घरी आई-वडील दोघं ऊसतोडीला जायचे. पाचवी ते सातवी ती दिवाळीनंतर वर्गातून नाहीशी व्हायची आणि परीक्षेच्या तोंडावर परत यायची. माझ्या वह्या उतरवून घ्यायची आणि गणितात माझ्यापेक्षा चार मार्क जास्त घ्यायची. आठवीपासून आजीनं ठेवून घेतलं म्हणून दहावी झाली. बाई, तुम्हाला आठवत असेल, तुम्ही तिची फी भरली होती, तुम्ही कुणाला सांगितलं नव्हतं, तिनंच मला सांगितलं. आज ती केज तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. आणि त्या आठ जणींच्या ग्रुपमध्ये आम्ही तिला घेतलं नव्हतं. का घेतलं नव्हतं? "तिला कुठं परवडणार" असं कुणी म्हटलंसुद्धा नव्हतं. आम्ही न म्हणताच तसं धरून चाललो होतो.

दोन दिवस मी उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी फोन केला आणि दुसरी चूक केली. म्हटलं, "तुझं तिकीट मी काढते, तू चल."

ती म्हणाली, "पैशाचं सोड. तुम्ही निराळा ग्रुप कामून काढला?"

मी गप्प.

"आन् तू तिकीट काढल्यावर मी तिथं कोण? आठ दिवस उठले की आधी तुझ्या तोंडाकडं बघू, का समुद्राकडं?"

मी तरीही म्हटलं, तसं काही नसतं गं. ती म्हणाली, "तुला नसतं." मग थोड्या वेळानं तीच म्हणाली, "पाण्यावर ऱ्हायाचं, हाताखाली माणसं, आयतं जेवण. एवढंच ना? मग ते जवळ कुठं नाही का? हजार रुपये महिना मी काढू शकते. त्यात बसव."

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही याला रिक्वायरमेंट म्हणतो. तीन आठवड्यांत मला ती कुणी इतकी स्वच्छ सांगितली नव्हती.

महिना हजार, जानेवारी ते ऑक्टोबर दहा महिने, दहा हजार. त्यात बसलं ते केरळचं अलप्पुळा. हाउसबोट. तीही भाड्याची, तीही ताफ्यासह. चालक, इंजिनवाला, स्वयंपाकी. तिचं मल्याळम नाव केट्टुवळ्ळम, म्हणजे बांधलेली होडी. खिळे न मारता फळ्या काथ्यानं शिवून करायचे, पूर्वी त्यातून भात वाहून न्यायचे. बघा, कट्टुमरम आणि केट्टुवळ्ळम, नावात सख्खी भावंडं. ग्रीसचं शीट मी पुसलं नाही, आकडेच बदलले. केबिन किती, संडास किती, टाकी किती, लाइफ जॅकेट किती, परवाना दाखवा. सगळे प्रश्न जसेच्या तसे लागू पडले. तिथं एक नियम नवीन कळला, संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला बोट काठाला बांधावी लागते, कारण मग मासेमारांची जाळी पडतात.

यावेळी आधी मोठ्या ग्रुपवर टाकलं. आठातल्या सहा जणी राहिल्या, नव्या पाच आल्या. अमेरिकेतली रुसली, हाउसबोट म्हणजे काही यॉट नव्हे, म्हणाली. खरं आहे, नव्हेच. पैसे गोळा करायचं, वही ठेवायचं काम बाकावरच्या मैत्रिणीकडं. तीन जणींनी दोनदा हप्ता चुकवला, त्यांना तिनं जे फोन केले ते मी इथं सांगत नाही, कारण तिघी समोर बसल्यात.

मागच्या नोव्हेंबरात निघालो. पुण्याहून कन्याकुमारीला जाणाऱ्या गाडीत मी पुण्याला चढले, बाकीच्या जीपनं सोलापूरला येऊन पहाटे चढल्या. भाकरी, धपाटे, ठेचा. एर्नाकुलमला उतरून अलप्पुळा. दुपारी बाराला बोटीत पाय ठेवला.

वेंबनाड तलाव डोळ्यांत मावत नाही. त्याच्या कडेनं कुट्टनाड. तिथली भातशेती समुद्रसपाटीच्या खाली आहे, बांध घालून पाण्यातून काढलेली जमीन. आमची बोट वरून चाललीय आणि शेतं खाली दिसतायत. एका बांधावर मोठा पंप चालू होता. मैत्रिणीनं विचारलं, "पाणी देऊ लागलेत का शेताला?" चालकाला थोडं हिंदी येत होतं. तो म्हणाला, देत नाही, काढतोय. पेरणीआधी शेतातलं पाणी उपसून बाहेर टाकावं लागतं.

ती बराच वेळ त्या पंपाकडं बघत होती. मग म्हणाली, "आमच्या बापाला दाखवायला पायजे होतं हे." वडील तिचे 2019 मध्ये गेले. बोअरवर बोअर घेऊन कोरड्या गेलेल्या. आम्ही कुणी काही बोललो नाही. स्वयंपाकी चहा घेऊन आला, केळ्याची भजी होती.

आणि पुढं एका वळणावर काठावर दोन बायका रिकाम्या घागरी घेऊन बसलेल्या. चालकाला विचारलं. चहूकडं पाणी असलं तरी ते पिण्याचं नाही, खारं किंवा घाण. पिण्याचं पाणी होडीतून येतं, त्याची वाट बघतायत. मैत्रीण एकदम उठून कठड्यापाशी गेली आणि त्यांना हात केला. त्यांनीही केला. "इथं बी टँकर," ती म्हणाली, आणि हसली. त्या दिवशी अकरा जणींनी अंघोळीला एकेकच बादली वापरली, कुणी सांगितलं नव्हतं. बोटवाल्यांना फार नवल वाटलं असणार.

रात्री बोट बांधल्यावर गप्पांत मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "झोप आता, सकाळी नऊला बोट सोडायचीय, बादल्या मोजून द्यायच्यात."

खर्च प्रत्येकी 9,640 रुपये झाला. उरलेले 360 तिनं प्रत्येकीला परत दिले, सह्या घेऊन.

ग्रीसची फाइल माझ्याकडं अजून आहे. कुणाला हवी असेल तर मागा, मी मनापासून देईन, आणि जाऊन आलात तर इथाकाचे फोटो पाठवा. अकरा जणींची पुढची वही मात्र जानेवारीपासून सुरू झालीय. यावेळी मालवणकडं की लक्षद्वीप, यावर भांडण चालू आहे. लक्षद्वीपला परवाना लागतो आणि पैसेही जास्त, म्हणजे वही दोन वर्षं चालवावी लागेल. पुरुष मंडळींनी यावं की नाही यावरही भांडण आहे, त्याचा निकाल तुमच्या बाजूनं लागेल असं काही वाटत नाही.

वही तिच्याकडं आहे. चहाच्या टेबलापाशी, हिरवी साडी. नाव, फोन आणि काय खात नाही ते लिहायचं. महिना किती जमेल तो आकडा ज्याचा त्यानं लिहायचा आहे, त्याचा रकाना तिनं पहिला ठेवलाय.