घरच्या घरी ऑडिओ केबल

स्पीकरमधून सतत घूंऽऽ असा आवाज येतोय? आधी केबल तपासा. अ‍ॅम्प्लिफायरकडे येणारी सिग्नलची केबल विजेच्या वायरीला खेटून गेली, की ५० हर्ट्झची घरघर तिच्यात शिरते. म्हणून ती तांब्याच्या जाळीची, म्हणजे शील्डेड घ्या. पिन जोडताना मधली तार टोकाला, जाळी बाहेरच्या कडीला. तार आणि पिन दोन्ही नीट तापवा, मगच सोल्डर लावा. गोळा होऊन बसलेला सांधा पुन्हा करा. जाळीचा एकही केस मधल्या तारेला लागता कामा नये. मल्टिमीटरने खात्री करा.

स्पीकरच्या वायरीला मात्र जाळी नको, जाडी हवी. पाच मीटर अंतराला दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ८ ओहमच्या स्पीकरला पुरते. जाऊन-येऊन रोध साधारण ०.१२ ओहम भरतो. यापुढे महागड्या वायरीवर हजारो रुपये घालणं मला पटत नाही. एका स्पीकरला लाल-काळं उलटं लागलं, तर खर्ज पातळ होतो.

आपल्या सोलापुरात उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो. गच्चीवरून नेलेल्या वायरीचं आवरण कडक होऊन तडकतं, ते दरवर्षी पाहा. आणि हात लावण्याआधी प्लग काढा.