माळ्यावरचा रुमाल
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली. इतिहासावर बोलणार म्हटल्यावर घरची मंडळी हसली. पण पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाविषयी वाचले, तेव्हापासून वाटते की हा विषय आपल्याही घरातला आहे.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि सरदार खंडेराव मेहेंदळे यांनी ७ जुलै १९१० रोजी हे मंडळ स्थापन केले. त्याच्या कितीतरी आधीपासून राजवाडे गावोगाव हिंडून घराघरांतली जुनी दप्तरे मिळवीत होते. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' याचा पहिला खंड १८९८ साली निघाला. पुढे २२ खंड झाले. आज मंडळात लाखो मोडी कागद आहेत. शिवाय फारसी कागद, नाणी, ताम्रपट, चित्रे आहेत ती वेगळीच.

आता सांगा, घरचा माळा झाडतो कोण? दिवाळीआधी काय ठेवायचे नि काय टाकायचे, हे ठरवतो कोण? मोडी कागद बंबात गेला, तर तो आपल्याच हातून जायचा.

सासरे वारले, त्यानंतर आमच्या माळ्यावर लाल फडक्यात बांधलेले कागद निघाले. अशा गठ्ठ्याला रुमाल म्हणतात. भाऊजी म्हणाले, "वहिनी, रद्दीत घाला. वाटणीच्या वेळी उगाच भांडण निघेल." मी अशा व्यवहारात एरवी बोलत नाही. त्या दिवशी बोलले.

मोडी जाणणाऱ्या एका वृद्ध गुरुजींना दोन कागद दाखवले. मोडीत आधी ओळभर रेघ ओढतात, मग तिच्याखाली अक्षरे लिहितात. आपल्याला ती नुसती गिचमीड दिसते. एक कागद धान्याच्या उसनवारीचा, अगदी रुक्ष. दुसऱ्यात मात्र आमच्या घरातल्या एका विधवेने शेतसारा भरण्यासाठी पाटल्या गहाण ठेवल्याची नोंद होती. आमच्या वंशावळीत तिचे नाव नाही. तिथे सगळे पुरुषच! जमीन मात्र आम्ही अजून कसतो आहोत. लढाया आणि तह विद्वान मंडळी लावतीलच. मला त्या पाटल्या जवळच्या वाटल्या.

गुरुजींनी बजावले, फाटक्या कागदाला चिकटपट्टी लावू नका, ओल लागू देऊ नका. म्हणून रुमाल आता पत्र्याच्या पेटीत आहे. तो कुणा एकाच्या वाटणीला न जाता पुण्याच्या मंडळाला दाखवावा, असे मी घरात मांडले आहे. यजमानांचा होकार आहे. भाऊजींचा यायचा आहे. चाळीसेक कागद अजून वाचायचे राहिले आहेत.