रायरेश्वर : पठारावरची वस्ती

पुणे जिल्ह्याच्या भोर तालुक्यात, समुद्रसपाटीपासून साधारण 4,500 फुटांवर रायरेश्वराचं पठार आहे. लाव्हारसाच्या थरांवर थर साचून सह्याद्रीत अशी सपाट माथ्यांची पठारं तयार झाली. माथा सपाट, कडा मात्र तुटलेल्या. म्हणून इथे पोहोचायला शेवटच्या टप्प्यात लोखंडी शिडी चढावी लागते.

वर महादेवाचं जुनं देऊळ आणि जंगम मंडळींची विरळ वस्ती. घरं एकमेकांपासून लांब लांब, मध्ये शेतं. मीठ-तेलापासून खताच्या पोत्यापर्यंत सगळं डोक्या-खांद्यावरून वर न्यायचं. अलीकडे इथल्या शेतकऱ्यांनी ट्रॅक्टरसुद्धा सुटा करून, एकेक भाग शिडीवरून वर चढवला आणि माथ्यावर पुन्हा जोडला!

शिवरायांनी 1645 मध्ये इथेच स्वराज्याची शपथ घेतली, असं परंपरा सांगते. पण भूगोलही तितकाच लक्षणीय आहे. ही डोंगररांग म्हणजे नीरा आणि कृष्णा या नद्यांच्या खोऱ्यांमधला पाणलोटाचा बांध. उत्तरेच्या उतारावरचं पाणी नीरेला मिळतं, दक्षिणेकडचं धोम धरणाच्या बाजूने कृष्णेत जातं. पुढे नीरा भीमेला मिळते आणि भीमा कर्नाटकात रायचूरजवळ कृष्णेला. म्हणजे इथे फुटलेल्या वाटा शेकडो किलोमीटरनंतर पुन्हा एक होतात.

जायचं असेल तर पावसाळा सरल्यावर जा. शिडी ओली असताना घाई नको, आणि कचरा आपला आपण खाली आणा.