घर, आहार आणि आकांक्षा

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात नेर येथे दिलेले भाषण)



मंडळाने मला जो विषय नेमून दिला आहे त्यातील तिन्ही गोष्टी आपल्या नित्य परिचयाच्या आहेत. परंतु त्यांचा एकत्र विचार सहसा कोणी करीत नाही. घराचा विचार पुरुषमंडळी ओट्यावर बसून करतात, आहाराचा विचार स्त्रिया चुलीपाशी करतात आणि आपल्या आकांक्षांचा विचार तरुण मुले-मुली एकट्यानेच मनाशी करतात. खर्च मात्र तिन्हींचा एकाच पेटीतून व्हावयाचा असतो. म्हणून तिन्हींचा हिशेब एकाच बैठकीत, घरातील सर्वांसमक्ष झाला पाहिजे, एवढेच माझ्या आजच्या भाषणाचे सार आहे.

स्वतःचे घर असावे ही इच्छा उदात्त आहे. परक्याच्या छपराखाली आयुष्य काढणाऱ्यास तिचे मोल निराळे सांगावयास नको. आपल्या नेर तालुक्यातील समाजबांधवांत शेतकरी आहेत, शिक्षक आहेत, लहानसहान दुकानदार आहेत. आणि मुलांच्या शाळेसाठी खेड्यातील घर सोडून गावात भाड्याच्या खोलीत राहणारेही आहेत. ह्या सर्वांच्या मनात एकच चित्र असते : चार भिंती, वर पक्के छत, दारापुढे तुळस. ह्या चित्राला नावे ठेवण्यासाठी मी उभा नाही. ते चित्र पुरे होईपर्यंतची जी पाच-सात वर्षे असतात, त्या वर्षांत घरातील माणसे काय खातात आणि कशावर पाणी सोडतात, हा माझा प्रश्न आहे.

आपल्या प्रदेशातील घरबांधणीचा क्रम पाहा. सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या सुमारास हाती येतो, कापसाचा त्यामागून, तुरीचा संक्रांतीनंतर. हाती पैसा खेळू लागला की होळीच्या सुमारास पायाचे खोदकाम होते. विटा, रेती, सळई, सिमेंट, गवंड्याची मजुरी ह्यांत अंदाज कधीच पुरत नाही. तोच मृग तोंडावर येतो. बी-भरण आणि खताला पैसा हवा, मुलांच्या शाळेला पैसा हवा, आणि घर तर अर्धेच उभे आहे. छत पावसाआधी पडावे म्हणून उसनवारी होते. आणि मग आषाढ, श्रावण, भाद्रपद हे तीन महिने, ज्यांत हाती पैसा मुळीच नसतो, त्या महिन्यांत घराचा उरलेला खर्च स्वयंपाकघरातून वसूल केला जातो. नोकरदाराचे मृग नक्षत्र निराळे. त्याचा हप्ता महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येतो, एवढाच काय तो फरक.

ही वसुली कोणत्या क्रमाने होते हे भगिनींना ठाऊक आहे. प्रथम दूध कमी होते. मग फळ बंद होते. मग वरणात पाणी वाढते. भाजीच्या जागी ठेचा येतो. घरातील कर्त्याचे आणि मुलग्यांचे ताट शक्य तो तसेच राखले जाते. कमी होते ते शेवटी जेवणाऱ्या बाईचे. २०१९ ते २०२१ ह्या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. त्याची कारणे अनेक आहेत. केवळ घरबांधणी हे त्याचे कारण नव्हे. परंतु ज्या घरातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात आधीच रक्त कमी असण्याचा संभव, त्या घराने बचतीची सुरुवात तिच्याच ताटापासून करावी काय, ह्याचा विचार आपण करावा.

चांगले घर मिळाले म्हणजे आरोग्य आपोआप सुधारते, अशी समजूत पुष्कळांची असते. ह्या समजुतीला धक्का देणारी एक घटना इंग्लंडात घडली. स्टॉकटन-ऑन-टीज ह्या गावी १९२७ साली एका गलिच्छ वस्तीतील १५२ कुटुंबांना नव्या, हवेशीर, स्वच्छ घरांत नेण्यात आले. गावचे आरोग्याधिकारी डॉ. मॅकगॉनिगल ह्यांनी पुढील पाच वर्षांचे मृत्यूचे आकडे तपासले, तेव्हा त्यांना उलटेच दिसले. स्थलांतरापूर्वीच्या पाच वर्षांत दर हजारी सुमारे २३ असलेले मृत्यूचे प्रमाण नव्या घरांत सुमारे ३३ वर गेले होते. दुसऱ्या एका जुन्या वस्तीतील जे लोक होते तेथेच राहिले, त्यांच्यात अशी वाढ झाली नव्हती. शोध घेता असे आढळले की, नव्या घरांचे भाडे जवळजवळ दुप्पट होते, आणि ते भरता भरता लोकांपाशी अन्नाला पुरेसा पैसा उरत नव्हता. भिंती चांगल्या होत्या, छत चांगले होते. ताट मात्र हलके झाले होते. बंधूंनो, भाडे म्हणा की कर्जाचा हप्ता म्हणा, पोटाला दोन्ही सारखेच.

परंतु इतके दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या शेजारच्याच अमरावती जिल्ह्यात शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेल्या आणि १९५६ साली देह ठेवलेल्या गाडगेबाबांचे चरित्र आपल्यापुढे आहे. त्यांनी लोकांसाठी ठिकठिकाणी धर्मशाळा उभारल्या, पण स्वतःसाठी घर बांधले नाही. कर्ज काढून सण आणि लग्ने साजरी करू नका, घरात ताटे नसतील तर भाकर हातावर घेऊन खा, पण मुलांना शिकवा, असे ते कीर्तनांतून सांगत. ह्या उपदेशातील एक बारकावा आपल्या ध्यानातून निसटतो. बाबांनी ताट सोडावयास सांगितले, भाकर सोडावयास सांगितले नाही. भांडे गेले तरी चालेल. भाकर आणि पाटी ही दोन्ही राहिली पाहिजेत. काटकसरीची ह्याहून नेमकी व्याख्या मला तरी माहीत नाही.

मग काटकसर करावी तरी कोठे? पहिली गोष्ट ही की, पौष्टिक अन्न म्हणजे महाग अन्न, हा समज आपण टाकून दिला पाहिजे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराविषयी नवी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. देशातील एकंदर रोगभारापैकी ५६.४ टक्के भार अयोग्य आहारामुळे येतो, असा अंदाज त्यांत दिला आहे. भाजीपाला आणि फळे भरपूर, धान्याच्या जोडीला डाळ, आणि मीठ, साखर, तेल बेताचे, असा त्यांचा इत्यर्थ आहे. आता आपल्याकडचे जुने जेवण आठवून पाहा : ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, अंबाडी, घोळ किंवा चिवळीची भाजी, जवसाची चटणी, कच्चा कांदा आणि लिंबाची फोड. ह्यांत परदेशातून आणावे असे काय आहे? पालेभाजीतील लोह अंगी लागण्यास लिंबाचा आंबटपणा साह्य करतो. उलट, जेवणालगत घेतलेला चहा त्यास अडथळा करतो. म्हणजे लिंबू ठेवून जेवणालगतचा चहा टाळला, तर त्यात खर्च वाढत नाही, गुण वाढतो.

दुसरी गोष्ट अधिक बोचणारी आहे. आपण सोयाबीन पिकवितो आणि पोतेच्या पोते विकून टाकतो. ह्या दाण्यात वजनाच्या ३५ ते ४० टक्के प्रथिने असतात. तुरीत ती २२ टक्क्यांच्या आसपास असतात. तरीही आपल्या किती घरांत सोयाबीन खाल्ले जाते? ते कच्चे मात्र खाऊ नये. दाणे उकळून, वाळवून, भाजून घ्यावेत आणि नऊ भाग धान्यात एक भाग मिसळून दळावेत. भाकरीची चव बिघडत नाही. तसेच पीक घरात आले की वर्षभराची ज्वारी आणि डाळ आधी बाजूला काढावी, उरेल ते बाजारात न्यावे. ज्यांना शेती नाही त्यांनी हंगामातच वर्षाचे धान्य भरावे. कोठीत धान्य असले म्हणजे आषाढात घराचा हप्ता थेट ताटावर हात घालू शकत नाही.

आणि काटकसर करावी ती खर्ऱ्यावर. हे नाव घेताच पुष्कळांच्या मुद्रेवर हसू उमटले; परंतु हिशेब करा. दिवसाला ४० रुपये खर्ऱ्यात गेले असे धरले तर वर्षाला १४,६०० रुपये होतात. तेवढ्यात घरातील लेकरांचे रोजचे दूध होते. पैसा जातो तो जातोच, वर मुखाच्या कर्करोगाला आमंत्रण दिले जाते, आणि तो आजार आला म्हणजे बांधलेले घर गहाण पडते.

आता हिशेबाची एक पद्धत सुचवितो. पाच माणसांच्या एका कुटुंबाचे मासिक उत्पन्न ३०,००० रुपये आहे असे समजू. त्यातून प्रथम अन्नासाठी १०,००० रुपये वेगळे काढावे. घरभाडे, वीज, शाळा आणि औषध ह्यांस ९,०००. घराच्या बचतीस ६,०००. कुटुंबातील व्यक्तींच्या आकांक्षांस २,०००. अडीअडचणीस १,५०० आणि सणवार, देणेघेणे ह्यांस १,५००. आकडे ज्याने त्याने आपल्या घरापुरते बदलावेत. क्रम मात्र बदलू नये. ६,००० रुपये दरमहा टपालखात्याच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीत टाकले, तर मुद्दलच ३,६०,००० रुपये होते, व्याज निराळे. शेतकऱ्याने हाच हिशेब महिन्याऐवजी हंगामाचा मांडावा.

कर्ज घेऊच नये असे मी म्हणत नाही. परंतु कर्ज घेण्यापूर्वी एक परीक्षा अवश्य घ्यावी. जेवढा हप्ता पडणार आहे तेवढी रक्कम आधी एक वर्ष दरमहा बँकेत टाकून पाहावी. वर्ष सरताना घरातील दूध, डाळ आणि मुलांची फी ही तिन्ही जशीच्या तशी चालू असतील, तर तो हप्ता आपणांस झेपेल असे समजावे. ह्यांपैकी एकास जरी कात्री लागली असेल, तर घराचा आराखडा लहान करावा. परीक्षेत साठलेली रक्कम तर आपलीच राहते.

आराखडा लहान करण्यात कमीपणा नाही. २०१६ साली सुरू झालेल्या ग्रामीण आवास योजनेत सपाट प्रदेशातील घरासाठी १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य ठेवण्यात आले आणि घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर ठरविण्यात आले. त्यात स्वच्छ स्वयंपाकाची जागा धरलेली आहे. ही शेवटची गोष्ट मला महत्त्वाची वाटते. घर टप्प्याटप्प्याने बांधावे : आधी एक खोली, स्वयंपाकघर आणि शौचालय, दर्शनी व्हरांडा आणि वरचा मजला सवडीने. चुलीपाशी उजेड आणि धूर जाण्यास वाट असावी. आणि आवाराचा प्रत्येक हात फरशीखाली घालू नये. न्हाणीच्या सांडपाण्यावर एक शेवगा, एक लिंबू आणि पालेभाज्यांचे दोन वाफे सहज होतात. ज्या घराच्या नकाशात परसबाग आहे, ते घर ताटातून घेत नाही, उलट ताटात घालते.

आता आकांक्षांविषयी. घर बांधावयाचे ठरले की सर्वांत आधी गप्प होते ती घरातील मुलगी. तिला पुढील परीक्षेचा अर्ज भरावयाचा असतो, शहरात वसतिगृहात राहावयाचे असते. पण "यंदा घराचे काम आहे" ह्या एका वाक्यापुढे ती काही बोलत नाही. यंदाचे पुढच्या वर्षावर जाते, आणि पुढच्या वर्षी तिचे लग्न ठरते. सुनेला शिलाईचा व्यवसाय करावयाचा असतो, मुलाला एखादी कला शिकावयाची असते, आजोबांना एकदा काशी पाहावयाची असते. ह्या इच्छा लहान आहेत. म्हणूनच त्या सहज चिरडल्या जातात. छत एक वर्ष उशिरा पडले तरी पडते. परीक्षेचे वय मात्र गेले की परत येत नाही. म्हणून आकांक्षांच्या २,००० रुपयांना घराच्या कामासाठी कोणी हात लावू नये, असा नियम घरात असावा. आणि त्या पैशाचा विनियोग ज्याची आकांक्षा असेल त्याने सांगावा.

शेवटी समाज म्हणून आपल्याकडे येतो. घरासाठी पोट मारण्याची वेळ माणसावर केवळ गरजेपोटी येत नाही. ती आपल्या नजरेमुळेही येते. वधू-वर परिचयाच्या पुस्तिकेत "स्वतःचे घर" हा रकाना आपणच घातला आहे. त्या रकान्यात "आहे" असे लिहिता यावे म्हणून कितीतरी तरुण कर्जाच्या खाईत उतरतात, आणि लग्न होऊन आलेली मुलगी त्याच कर्जाचे हप्ते आपल्या ताटातून फेडू लागते. जिच्या सुखासाठी तो रकाना पाहिला, तिच्याच वाट्याला तो येतो! मुलीच्या पित्यांना माझी विनंती आहे की, घर आहे काय हे विचारण्यापूर्वी घरावर कर्ज किती आहे आणि घरातील बायका कोणाबरोबर जेवतात, हे विचारावे. तसेच लग्नात आणि तेरवीला किती पंगती उठल्या ही चर्चा आपण बंद केली, तर पुष्कळ घरांचे छत त्या एका दिवसाच्या खर्चात पडेल.

मंडळाने दोन कामे हाती घ्यावीत, अशी माझी सूचना आहे. हंगामात धान्य आणि डाळ एकत्र खरेदी करून सभासदांना मूळ भावाने द्यावी. आणि गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराबरोबर, कर्ज न करता साधेपणाने लग्न करणाऱ्या कुटुंबांचाही ह्याच व्यासपीठावर सत्कार करावा.

बंधूंनो आणि भगिनींनो, वास्तुशांतीच्या दिवशी आपण अग्नीला आहुती देतो आणि मग पंगत बसवितो. ज्या घरात अन्न शिजते तेच घर, हा त्या विधीचा अर्थ आहे. आपणां सर्वांची घरे उभी राहोत. ती उभी राहताना त्यांतील कोणीही अर्धपोटी राहू नये आणि कोणाच्याही पुस्तकावर विटा रचल्या जाऊ नयेत, अशी इच्छा व्यक्त करतो.